बांधावरचा लाल कपडा

ड्रोनची परीक्षा रंजितानं दिली, पण पास दोघं झाले, असं गावात गमतीनं म्हणत. दुसरे म्हणजे तिचे सासरे, भिला नाना. रंजिता पंधरा दिवस बाहेरगावी ट्रेनिंगला होती तेव्हा नाना रोज संध्याकाळी फोन लावायचे आणि सुनेकडून त्या दिवसाचा धडा म्हणवून घ्यायचे. ड्रोन नजरेच्या टप्प्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. खाली माणूस असेल तर उडवायचं नाही. पावसात नाही, जोराच्या वाऱ्यात नाही, धुक्यात तर नाहीच नाही. विमानतळाजवळ उडवायचं नाही, हा नियम आला त्या दिवशी मात्र नानांना हसू आवरेना.

"आपलाकडे एस्टी टाइमवर येत नही, इमान कोठून येई?"

पण पाठ तोही केला. चौथी शिकलेला, सत्तरीला टेकलेला, डाव्या कानानं बहिरा माणूस. नियम म्हटला की मात्र नियम. सकाळच्या ओलीत हरभऱ्याच्या पानांवर आंबट पाणी धरतं, त्याला आंब म्हणतात. त्या वेळी पिकात कोणी शिरलं तर आंब झडते आणि शिरणाऱ्याचे पाय सोलून निघतात ते वेगळंच. असा कोणी दिसला की नाना बांधावरूनच अशा शिव्या मोजायचे, की तो पुन्हा त्या शेताच्या दिशेनं बघायचा नाही. मग ते शेत स्वतःचं असो की दुसऱ्याचं.

ड्रोन आलं होतं बायकांच्या बचत गटाकडे. गटात दहा जणी, आणि शिकायला जायची वेळ आली तेव्हा नऊ जणींना घरी काहीतरी काम निघालं. रंजिताचा नवरा दिनेश सुरतेला कापडाच्या गिरणीत; तो म्हणाला, नानांना विचार. सासू बेबीबाई म्हणाली, बाईमाणसानं विमान उडवायचं म्हणजे आता काय बघायचं राहिलं. नानांनी मात्र दुसऱ्या दिवशी सुनेची पिशवी स्वतः उचलली आणि तिला फाट्यावर एस्टीत बसवून आले.

शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं की मोठ्या शेतात एकटीनं उडवू नका, पलीकडच्या बाजूला बघणारं माणूस ठेवा. हे कळल्यावर नानांनी दुसऱ्या कोणाचं नाव पुढे येऊच दिलं नाही. बेबीबाईचं एक जुनं लाल लुगडं होतं, त्याचा हातभर रुंद तुकडा त्यांनी मागितला. तिनं आधी कुरकुर केली आणि मग स्वतःच काठ दुमडून, शिवून, बांबूला बांधून दिला. रंजिता अलीकडच्या बांधावर रिमोट घेऊन उभी राहायची, नाना पलीकडच्या बांधावर बांबू धरून. सरकारी नियमांचं पुस्तक जाडजूड होतं. घरचा नियम नानांनी एका दमात करून टाकला.

"कपडा दिखना तं उडाड. कपडा नही दिखना तं उतार."

पहिल्या हंगामात या नियमानं त्यांना कुठेच दगा दिला नाही. कापूस झाला, मिरची झाली. लोक आधी बघायला आले, मग बोलवायला येऊ लागले. नाना धोतर, पांढरी बंडी, पांढरी टोपी घालून, बांबू घेऊन असे निघायचे की गावातल्या बायका म्हणायच्या, पायलट कोण आहे ते तरी कळू द्या. त्यांनाच विचारलं तर ते रंजिताकडे बोट दाखवायचे. म्हणायचे, मन्ही सून. एवढंच म्हणायचे, पण ते ऐकायला रंजिताला फार बरं वाटायचं. माहेरी तिच्याबद्दल असं कोणी, कोणाला, कधी सांगितलं नव्हतं.

मग जानेवारी आला आणि नवनीत आप्पाच्या हरभऱ्यात घाटेअळी पडली.

नवनीत आप्पाचं शेत तापीच्या बाजूला, चार एकर सलग. माणूस मोठा, बोलणं त्याहून मोठं. गावात हा जिकडे वळेल तिकडे बाकीचे वळायचे. त्याच्या शेतात ड्रोननं फवारणी झाली की गावभर होणार, आणि नाही झाली तर गटाच्या खोलीत ड्रोनवर गोणपाट पडणार, हे रंजिता जाणून होती. पण नदीवरून धुकं चढलं की दहा-साडेदहापर्यंत हलायचं नाव घेईना, आणि ते उठलं की पाठोपाठ वारा सुटायचा. वाऱ्यात औषध भलतीकडेच जातं. पहिल्या दिवशी ती परत आली. दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशीही परत आली तेव्हा संध्याकाळी नवनीत आप्पा ओट्यावर येऊन उभा राहिला.

"उद्या दहा वाजालोंग वाट दखसू. मंग शहादानं मशीन बोलाई लिसू. तठला ड्रोनवाला पोऱ्या धुईले भेत नही."

जाता जाता तो नानांना म्हणाला, "नाना, बाईमाणूसनं काम नही हाई. तुम्हीन बी काय उभा ऱ्हातस तिन्हासंगे."

रंजिता आत गेली आणि भाकरी थापता थापता रडली. रडण्याचा आवाज होऊ दिला नाही, पण नाक ओढल्याचा झालाच. नाना मोरीवर पाय धूत होते. त्यांचा उजवा कान चांगला होता.

चौथ्या दिवशी सकाळी धुई, म्हणजे धुकं, तसंच होतं. साडेआठला रंजितानं अलीकडच्या बांधावर ड्रोन ठेवलं, टाकीत औषध भरलं, सहा पाती हातानं पुसली. नवनीत आप्पा तिच्या मागे, तोंडात दातण. नाना बांधाबांधानं वळसा घालून पलीकडे गेले. दहा पावलांवर त्यांचं धोतर धुक्यात मिसळलं, मग टोपी, आणि शेवटी लाल कपडाही गेला.

तिनं फोन लावला.

"नाना, दिखी नही ऱ्हायना."

"उंच करस, थांब."

"नही दिखी ऱ्हायना, नाना. जाऊ द्या. आज बी नही व्हवाव."

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग नाना म्हणाले, "पाच मिनिट थांब. उठी ती." आणि फोन ठेवला.

मागे नवनीत आप्पा घड्याळ बघून खाकरला. रंजितानं मागे बघितलं नाही. समोर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. हातातलं रिमोट दवानं ओलं झालं होतं, ते ती पदरानं पुसत राहिली. पाच मिनिटं गेली, सात गेली. आणि मग समोर, अगदी समोर, लाल कपडा दिसला.

तिला इतका आनंद झाला की तिनं फोन लावायच्या आधीच "दिखना!" म्हणून ओरडून टाकलं. मग फोन लावला.

"नाना, दिखना! धुई उठी ऱ्हायनी का?"

"हा."

"चांगला दिखी ऱ्हायना."

"मंग उडाड, पोरी," नाना म्हणाले, आणि हसले. त्यांना थोडा दम लागल्यासारखा वाटला.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. कपडा मोठा दिसत होता. पलीकडचा बांध दीडशे मीटरवर, आणि चांगल्या उन्हाच्या दिवशीही तिथला कपडा करंगळीच्या नखाएवढा दिसायचा. आज तो तळहाताएवढा दिसत होता. रंजिताच्या ते लक्षात आलं. नाही आलं असं नाही. धुक्यात असं दिसत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि बटण दाबलं. नवनीत आप्पा मागे उभा नसता तर तिनं विचारलं असतं का, की नाना, तुम्ही नेमके कुठे उभे आहात? पुढे ती हा प्रश्न शेकडो वेळा स्वतःला विचारणार होती.

शेताचा नकाशा आदल्या दिवशीच यंत्रात भरलेला होता. ड्रोन आपलं आपण चालायचं. आडवं जायचं, वळायचं, आडवं यायचं, आणि दर फेरीला चार मीटर पुढे सरकायचं. पिकापासून उंची माणसाच्या डोक्यावर हातभर. तिचं काम नजर ठेवायचं. ड्रोन दिसतंय, त्याच्या मागे कपडा दिसतोय, म्हणजे सगळं दिसतंय. फेऱ्या होत गेल्या. दहा झाल्या, बारा झाल्या. औषधाचा वास धुक्यात दाटला. नवनीत आप्पा म्हणाला, बरं करस व. ते तिनं ऐकलं आणि तिला मनातून हसू आलं, की हे आता घरी गेल्यावर नानांना सांगायचं.

चौदाव्या की पंधराव्या फेरीला ड्रोन डावीकडून आलं आणि कपड्यावरून जाऊ लागलं. तिला वाटलं, अलीकडून चाललंय, कपडा तर अजून कितीतरी लांब आहे. धुक्यात लांब काय आणि जवळ काय, डोळ्याला सांगता येत नाही. ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं होतं आणि तिनं ते फोनवर नानांना म्हणूनही दाखवलं होतं.

काड करून आवाज झाला आणि लाल कपडा खाली पडला.

तिनं बंद करायचं बटण दाबलं, रिमोट टाकलं आणि "नाना" म्हणत पलीकडच्या बांधाकडे पळत सुटली. ओला हरभरा पायांना झोंबत होता. दीडशे मीटर पळायचं म्हणून ती पळत होती. साठ मीटरही झाले नसतील, तिचा पाय बांबूत अडकला आणि ती पडली.

शेताच्या मधोमध पाइपलाइनची सिमेंटची कुंडी होती, कमरेला लागेल एवढी उंच. नाना तिच्यावर चढून उभे राहिले होते. बांधावरून कपडा दिसत नाही म्हटल्यावर ते हरभऱ्यातून चालत पुढे आले होते, ज्या ओल्या हरभऱ्यात पाय टाकला म्हणून त्यांनी अख्ख्या गावाला शिव्या घातल्या होत्या त्यातून. जवळ आले, उंचावर चढले, हात वर केले, म्हणजे पोरीला कपडा दिसावा. ड्रोनचा आवाज त्यांना आला असणार. पण कपडा दिसला म्हणाली ना, म्हणजे मी दिसलो, असंच त्यांना वाटलं असणार. पांढरं धोतर, पांढरी बंडी, पांढरी टोपी. त्या धुक्यात लाल कपड्याशिवाय त्यांचं काहीच दिसत नव्हतं.

नवनीत आप्पाच्याच गाडीतून शहाद्याच्या दवाखान्यात नेलं. नानांचं डोकं रंजिताच्या मांडीवर होतं. तिनं पदराचा बोळा करून कानामागे दाबून धरला होता, तो पुन्हा पुन्हा भिजत होता. फाट्याजवळ नानांनी डोळे उघडले. त्यांना तिचं तोंड ओळखू आलं की नाही, देव जाणे. पण बोलले ते स्पष्ट बोलले.

"दिखना व्हता ना?"

"दिखना, नाना," ती म्हणाली. "चांगला दिखना."

त्यावर त्यांनी मान हलवली. दवाखान्याचं फाटक आलं तेव्हा ते गेलेले होते.

जबाब झाले. नवनीत आप्पानं सांगितलं की धुकं जवळजवळ उठलंच होतं आणि आपण काही घाई केली नव्हती, बाई करते आहे तर करू दिलं. शहाद्याच्या मशीनचा त्यात उल्लेख नव्हता. नाना पिकात कसे आले, यावर ज्याला जे सुचलं ते त्यानं सांगितलं. कोणी म्हणालं, कुंडीचं झाकण बघायला गेले असतील. कोणी म्हणालं, वय झालं होतं, चकवा लागला असेल. नियमाप्रमाणं बाईला समोरची खूण दिसत होती, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

रंजितानं फौजदाराला सांगून बघितलं.

"साहेब, कपडा दिसला, पण मोठा दिसला. नेहमीपेक्षा मोठा."

फौजदार माणूस वाईट नव्हता. त्यानं पेन थांबवलं. "ताई, मोठा का लहान, ते लिहून मी काय करू? दिसत होता का नव्हता, तेवढं सांगा."

"दिसत होता."

"मग झालं," तो म्हणाला आणि लिहिलं.

दशक्रिया तापीकाठच्या प्रकाशा गावी झाली. दिनेश सुरतेहून आला. तो बायकोला एक शब्द वाकडा बोलला नाही, आणि त्यामुळेच ती त्याच्याकडे बघू शकत नव्हती. जो तो येऊन सांगायचा की तुझी काय चूक, तू तर नियमानं वागलीस. हे ऐकून ऐकून तिला वाटायला लागलं की आता कोणीतरी आपल्या थोबाडीत मारावी.

तेरावं झाल्यावर बेबीबाईनं दवाखान्यातून आलेली पिशवी उघडली. आत नानांचं धोतर होतं, घडी न करता कोंबलेलं. वरचं रक्त सुकून काळं झालं होतं. खाली गुडघ्यापर्यंत कापड कडक झालं होतं आणि त्याला आंबट वास येत होता. दर वर्षी थंडीत बेबीबाई हरभऱ्यावर रात्री धोतर पसरायची आणि पहाटे पिळून बाटलीत आंब भरून ठेवायची, घरात कोणाचं पोट दुखलं तर द्यायला. तो वास तिला झोपेतही ओळखता आला असता. ती बराच वेळ ते धोतर नाकाशी धरून बसली.

"माय," रंजिता म्हणाली. "माले कपडा मोठा दिखना व्हता. माले समजनं व्हतं. मी इचारं नही."

बेबीबाईनं धोतर मांडीवर ठेवलं. ती आता ओरडेल, शिव्या देईल, घराबाहेर काढेल, असं रंजिताला वाटलं. तसं झालं असतं तर तिला सुटल्यासारखं झालं असतं.

"त्या सकायले च्या पेता पेता माले सांगी गयथात," बेबीबाई हळू बोलली. "म्हने, आज धुई उठो का नको उठो, पोरनं इमान उडाडसूच. मी इचारं, कशे? तं हासनात. मी बी हासनू." तिनं धोतराचा काठ चिमटीत धरला. "माले बी वाटनं व, उडो एक डाव. नवन्यानं तोंड बंद व्हवो. मी त्यासले अडावं नही."

मग दोघी रडल्या. बेबीबाईनं सुनेला जवळ ओढलं नाही की सुनेनं तिचे पाय धरले नाहीत. दोघी दोन भिंतींना टेकून रडल्या, आणि मध्ये ते धोतर पडलेलं होतं.

रंजितानं ड्रोनचं काम सोडायचं ठरवलं. तसं सांगायला दोनदा गटाच्या खोलीपर्यंत गेलीही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, चौकशी मिटली, तेव्हा काढून घेतलेला परवानगीचा कागद परत हातात आला. तो तिनं फळीवर टाकून दिला. दिवाळीनंतर एका सकाळी बेबीबाईनं तो कागद पुसून तिच्यासमोर धरला.

"तू नही उडाडशी तं दुसरी कोणी उडाडी. ती तिन्हा बापले बांधवर उभा करी. धुईमा तो बी पुढे ई."

त्या दिवसापासून रंजिताचा नियम बदलला. बांधावर माणूस उभा करायचा, पण बांबूपासून दूर, आणि कपडा त्याच्या हातात द्यायचा नाही. आदल्या दिवशी उजेडात पलीकडच्या बांधावर दीड हात खड्डा करून बांबू गाडायचा, दगड ठोकून पक्का करायचा, म्हणजे कोणाच्या मायेनं तो जागचा हलायला नको. पहिला बांबू बेबीबाईनं स्वतः गाडला. लुगड्याचा उरलेला तुकडा तिनंच बांधला.

आणि मग पुन्हा जानेवारी आला. या वेळी गहू होता, फत्तेसिंगच्या शेतात. सकाळी धुकं उतरलं. रंजिता अलीकडच्या बांधावर ड्रोन ठेवून बसली. फत्तेसिंग दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "काय व रंजिता, एवढं काय? मी जास पुढे, कपडा हालावस."

"बस आठेच," ती त्याच्यावर अशी ओरडली की तो खरंच बसला.

दहा वाजले. साडेदहा झाले. धुकं आधी गव्हावरून उठलं, मग बांधावरच्या निंबावरून, आणि मग लांब, अगदी लांब, लाल कपडा दिसला. करंगळीच्या नखाएवढा. त्याच्याखाली कोणी नव्हतं. नुसता बांबू होता, आणि तो होता तिथंच होता.

तिचा हात आपोआप कमरेच्या फोनकडे गेला आणि तिथंच राहिला.

"दिखना, नाना," ती म्हणाली. पलीकडून कोणी "मंग उडाड" म्हणालं नाही, आणि वारा सुटून फवारणीची वेळ गेली तरी तिनं ड्रोन उडवलं नाही.